ड्रायव्हरच्या पायाशी पाणी: एका मोटरहोमच्या पुढच्या काचेचं प्रकरण

गाडी नेरूळच्या एका निवृत्त जोडप्याची. मिनीबसच्या चेसिसवर बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेलं मोटरहोम, वय नऊ-दहा वर्षं. आत दोन बिछाने, ओटा, छोटा फ्रीज, मागच्या कोपऱ्यात संडास. सांगाडा चौकोनी लोखंडी पाइपांचा, बाजूंना जीआय पत्रा आणि तोंड फायबरचं, ज्याला बॉडीवाले फ्रंट शो म्हणतात. शोच्या वरच्या फुगवट्यात, ड्रायव्हरच्या डोक्यावर, सामान ठेवायचा माळा. राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा गाड्या रस्त्यावर जास्त दिसू लागल्या, पण ही त्याच्या आधीची. त्या काळी असं काम करणारे थोडे होते आणि बरंचसं अंदाजाने चालायचं.

पुढची काच एकसंध, लॅमिनेटेड (म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पदर), आणि रबरात बसवलेली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हल्लीच्या कारची काच पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनने, थेट पत्र्याला चिकटवतात आणि ती बॉडीच्या ताकदीचा भाग होते. रबरातल्या काचेचं गणित वेगळं. रबराच्या एका खाचेत बॉडीची कड जाते, दुसऱ्या खाचेत काच बसते, मग बाहेरून चावीपट्टी, म्हणजे रबराच्या अंगात बसणारी एक बारीक पट्टी, घुसवून रबर फुगवतात. पाणी अडतं ते या दाबामुळे. दाब सगळीकडे सारखा राहिला तर सीलंटला फारसं काम उरत नाही. तो एके ठिकाणी जरी सैल पडला, तरी बाहेरून काहीही फासा, पाणी आपली वाट शोधतं.

तक्रार अशी होती: पावसात गाडी चालवली की ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी पाणी. रात्रभर पाऊस पडला आणि गाडी उभी असली तर पायाशी कोरडं, पण दुसऱ्या दिवशी पहिला जोराचा ब्रेक मारला की माळ्याच्या बाजूने धार येऊन शेजारी बसलेल्याच्या मांडीवर. त्यात अलीकडे वायपर मधूनच आपोआप फिरायला लागले होते.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या शेडमध्ये अशा बॉड्यांची कामं बघतो. गाडी तिथे आली तेव्हा काकांचा सूर वैतागाचा होता. "अहो, सिलिकॉनच्या किती नळ्या ओतल्या असतील देव जाणे. पंधरा दिवस कोरडं, की पुन्हा आहेच."

आधीचे इलाज

काचेच्या कडेने बोट फिरवलं की इतिहास कळत होता. सगळ्यात खाली पारदर्शक सिलिकॉन, त्यावर काळं, त्यावर पुन्हा काळं. वरच्या उजव्या कोपऱ्यात एम-सील थापलेलं आणि त्याला केसाएवढी सरळ भेग. छत आणि शो जिथे मिळतात तिथे आडवी चंदेरी चिकटपट्टी, कडा उचललेल्या, आत काळा चिखल. प्रत्येकाने आपल्या परीने वर एक थर चढवला होता. खालचा थर कोणी काढला नव्हता, आणि आतलं अस्तर तर कोणी उघडूनही बघितलं नव्हतं.

जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धरत नाही, रंगही धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारं, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. उघड्या लोखंडाला ते गंज लावतं. न्हाणीघराच्या टाइल्सना ते ठीक आहे. गाडीच्या पत्र्यावर मी ते लावू देत नाही.

पण सगळ्यात मोठं नुकसान केलं होतं ते काचेच्या खालच्या कडेला, रबराच्या बाहेरच्या ओठावर ओढलेल्या सिलिकॉनने. रबराच्या खाचेत थोडंफार पाणी शिरतंच. ते काचेच्या कडेने खाली उतरतं आणि खालच्या ओठातून बाहेर पाझरतं. तो ओठच बंद केला की खाच पन्हळीसारखी भरत जाते, आणि भरली की आतल्या बाजूला सांडते. म्हणजे गळती वरून, कोंडी खालून. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र खालची कड छान सीलबंद दिसते.

कालनिर्णयच्या मागची नोंद

या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट काकूंच्या पिशवीतून निघाली: भिंतीवरच्या कालनिर्णयची उलटलेली पानं. दुधाचा हिशेब लिहायच्या सवयीने त्यांनी पाण्याचाही हिशेब लिहिला होता. तारीख, पाऊस किती, गाडी उभी की चालती, पाणी कुठे. "ह्यांना वाटतं मी उगाच लिहिते," असं म्हणत त्यांनी ती पानं पुढे केली.

नोंदी बारकाईने वाचल्यावर दोन गळत्या वेगळ्या दिसायला लागल्या. माळ्यातलं पाणी फक्त गाडी उभी असलेल्या मोठ्या पावसानंतर. पायातलं पाणी फक्त चालत्या गाडीत, त्यातही सायन-पनवेल हायवे किंवा एक्सप्रेस वे लागल्यावर; पामबीचला सिग्नलमागून सिग्नल घेत गेलं तर नाही. आणि पायातल्या पाण्याच्या काही नोंदींपुढे काकूंनी लिहिलं होतं, "पंखा चालू होता". छतावरच्या झरोक्यातला, आतली हवा बाहेर टाकणारा १२ व्होल्टचा पंखा. आत कोंदट होतं म्हणून त्या तो लावायच्या.

हा शेवटचा शेरा वाचून मी गाडी लगेच उघडायचं थांबवलं. आधी कागदावर थोडा हिशेब केला. समोरून येणारी हवा काचेवर जो दाब टाकते तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० किलोमीटरला तो सुमारे ३०० पास्कल होतो, म्हणजे ३० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरेल एवढा. ताशी ४० ला हाच आकडा साडेसात मिलिमीटरच्या आसपास. रबराच्या आत पाण्याला ओलांडायला एक छोटी कड असते. शहरात जे पाणी त्या कडेच्या अलीकडे गप्प बसतं, ते हायवेवर तिच्यावरून आत ढकललं जातं. त्यात दारं-खिडक्या बंद करून आत एक्झॉस्ट पंखा लावला की आतला दाब आणखी थोडा उतरतो आणि बाहेरून ढकललेल्या पाण्याला आतूनही ओढ मिळते. उभ्या गाडीवर कितीही पाइप मारला तरी अशी गळती दिसायची नाही. आधीच्या मंडळींना ती "सापडली नाही" यात नवल काही नाही.

माळ्यातल्या पाण्याचं कारण अर्धं गाडीत होतं आणि अर्धं रस्त्यात. उंचीमुळे गाडी सोसायटीच्या आत शिरत नाही, म्हणून ती बाहेरच्या रस्त्यावर उभी असते, आणि त्या रस्त्याला उतार आहे. गाडीचं नाक नेहमी खाली. सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद छत म्हणजे १२ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी त्यावर १,२०० लिटर पाणी पडतं. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आपली खाडीकाठची बाजूही काही कोरडी नाही. नाक खाली असेल तर छतावरचं बहुतेक सगळं पाणी शोच्या सांध्यावरून, दिव्यांवरून आणि काचेच्या वरच्या रबरावरून जाणार. हे कळल्याच्या दिवशीच काकांना सांगितलं, उद्यापासून गाडी उलटी लावा. त्यानेच माळ्यातलं पाणी निम्म्यावर आलं. अजून एकही स्क्रू काढला नव्हता.

पाणी येतं कुठून

काचेवर आरोप ठेवण्याआधी दोन संशयित सोडवायचे होते. पहिला एसी. दमट हवेत एसीच्या कॉइलवर भरपूर पाणी सुटतं. त्याची निचऱ्याची नळी तुंबली तर ते डॅशबोर्डखाली, पायाशीच पडतं, आणि लोक काच बदलून बसतात. कोरड्या दिवशी एसी चालू ठेवून पाहिला. गाडीखाली थेंब पडत होते, आत काही नाही. दुसरा संशयित इंजिनचं कूलंट. ते हाताला चिकट लागतं आणि रंगीत असतं. इथलं पाणी गढूळ, मातकट. म्हणजे पावसाचंच.

मग ओल मोजायचं यंत्र. त्याच्या दोन सुया प्लायमध्ये टोचायच्या की आकडा येतो. परदेशी मार्गदर्शनात १५ टक्क्यांच्या वर ओल दिसली की संशय घ्या असं असतं. जुलैत ठाण्या-बेलापूरच्या पट्ट्यात तो नियम चालवला तर प्रत्येक गाडी गळकी ठरेल, कारण नुसत्या हवेतल्या दमटपणाने इथलं कोरडं लाकूडही १७-१८ टक्क्यांवर जाऊन बसतं. म्हणून आधी गाडीतलंच एक निश्चित कोरडं कपाट मोजायचं आणि बाकीचे आकडे त्याच्याशी ताडायचे. मधल्या कपाटात १८ आला. उजव्या खांबाच्या अस्तराला २४. माळ्याच्या डाव्या कोपऱ्यात यंत्राने ३० ओलांडले, आणि सुई न दाबता आत गेली. तिथला प्लाय संपलेला होता.

यानंतर साबणाचा फेस. ड्रायव्हरच्या खिडकीत प्लायचा तुकडा चिकटपट्टीने बसवला, त्याला भोक पाडून गॅरेजमधला धूळ उडवायचा ब्लोअर लावला, छताचा झरोका आणि बाकी उघडी तोंडं टेपने बंद केली. आत हवा भरली की ती बाहेर पडायला जागा शोधते, आणि बाहेरून मारलेल्या साबणाच्या पाण्यात बुडबुडे दाखवते. पेडलच्या भोकांतून वगैरे बरीच हवा निसटते, त्यामुळे दाब फार होत नाही, पण पुरतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात, एम-सीलच्या भेगेपाशी, बुडबुड्यांची बारीक रांग लागली. डाव्या बाजूच्या मार्कर दिव्याभोवतीही (शोच्या वरच्या भागातले, गाडीची रुंदी दाखवणारे छोटे दिवे). खालची कड मात्र अगदी शांत. ती शांत असणारच. ती बुजवलेलीच होती.

बुडबुडे भोक दाखवतात, वाट दाखवत नाहीत. वाटेसाठी पाइप. पाइप मारायची पद्धत खालून वर, कमी धारेने, प्रत्येक पातळीला पुरेसा वेळ देऊन. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही. डॅशबोर्डखाली एक पोरगा टॉर्च घेऊन उताणा झोपला, कोपऱ्या-कोपऱ्यांत वर्तमानपत्राच्या पट्ट्या खोचल्या. खालची कड, दोन्ही बाजू: काही नाही. वरचा उजवा कोपरा: बराच वेळ काही नाही. मग छताचा पंखा लावला, दारं बंद केली आणि त्याच कोपऱ्यावर खायच्या हिरव्या रंगाचं पाणी सोडत राहिलो.

पोरगा आतून ओरडला, "आलं, आलं! हिरवं आलं!"

मी खाली वाकून पाहिलं. स्टीअरिंगच्या दांड्याजवळ वायरिंगचा जाड काळा जुडगा आडवा जातो. त्यावर गुंडाळलेल्या टेपचं एक टोक सुटून खाली लोंबत होतं. फिकट हिरवा थेंब जुडग्याच्या पोटाला चिकटून सरकत येत होता, टेपच्या टोकाशी थांबून फुगत होता आणि क्लचच्या पेडलवर पडत होता. टेपचं ते टोक सुटलं होतं हे नशीबच म्हणायचं. तिथे न पडता पाणी पुढे गेलं असतं तर थेट फ्यूज बॉक्समध्ये. थोडं जात होतंच: बॉक्सचं झाकण काढलं तर वायपरच्या रिलेची दोन टर्मिनलं हिरवी पडलेली. वायपरच्या भुताटकीचा उलगडा तिथेच झाला.

म्हणजे पाणी शिरत होतं वरच्या उजव्या कोपऱ्यात, उतरत होतं रबराच्या खाचेतून काचेच्या कडेने, साचत होतं खाली, सांडत होतं आतल्या बाजूला आणि पडत होतं पायावर. शिरल्यापासून पडेपर्यंत दीड मीटरचा तरी प्रवास. माळ्यातलं पाणी निराळं: मार्कर दिव्याच्या वायरसाठी पाडलेल्या भोकाला रबरी बुशच नव्हता. पाणी आत येऊन शोच्या पोकळीत साचत होतं आणि ब्रेक मारला की पुढे उसळून अस्तराच्या फटीतून खाली. मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा त्या पोकळीत घातला तर तळ्यासारखं पाणी नव्हे, पण बोटभर तरी निश्चित दिसलं.

काच काढायची की नाही

काकांना काच काढायला नको होती. धास्ती समजण्यासारखी. काढताना तडकली तर तशा मापाची मिळेपर्यंत गाडी उभी. त्यांचा प्रश्न होता, कोपऱ्यात नवीन सीलंट भरून भागणार नाही का?

एक हंगाम भागलं असतं. पण खाली गंज किती आहे ते काच काढल्याशिवाय दिसणार नव्हतं, आणि अस्तर काढल्यावर आतून कडेचा जो भाग दिसला तो रंग फुगून सुटलेला होता. गंजलेल्या कडेवर रबराचा दाब सारखा बसत नाही, आणि फुगलेला गंज काचेच्या कडेला एका ठिकाणी टेकला की एखाद्या खड्ड्यात काच कोपऱ्यातून तडकते. मला काढताना फुटण्यापेक्षा तशी फुटण्याची भीती जास्त वाटत होती.

त्यांना कुणीतरी आणखी एक सल्ला दिला होता: काच फोडा आणि विम्यात घाला. हळूहळू झिजून आलेली गळती विम्यात बसत नाही, फुटलेली काच बसते, आणि सर्वसाधारण पॉलिसीत काचेवर घसारा शून्य धरतात, फायबरवर ३० टक्के, रबरावर ५० टक्के. आकडे खरे आहेत आणि म्हणूनच हा सल्ला एमआयडीसीत सर्रास मिळतो. पण ती सरळ फसवणूक आहे, आणि वर नवीन काच त्याच सडलेल्या कडेवर बसणार. काकांनी स्वतःच तो विषय बाजूला केला.

काचेचे उस्ताद तुर्भ्याहून आले. त्यांचं म्हणणं पहिल्याच वाक्यात संपलं: "रबर बचाना नहीं है, काच बचाना है." रबर मीटरवर मिळतं, काच मिळत नाही. ब्लेडने रबराचा बाहेरचा ओठ सगळीकडून कापून काढला की काच मोकळी होते. पेचकसाने उचकटायचं काम नाही. आतून दोघांनी तळहातांनी हळू दाब दिला, बाहेर दोघांनी व्हॅक्यूमचे कप लावून धरली. खालची कड सुटताना सिलिकॉन फाटल्याचा आवाज झाला आणि खाचेत कोंडलेलं काळं पाणी बंपरवर सांडलं. त्याला तुंबलेल्या मोरीचा वास होता.

काच निघाल्यावर

खालची कड वाकवलेल्या पत्र्याची, सांगाड्याला वेल्ड केलेली. मधून उजवीकडे हातभर लांबीत ती पापुद्रे सुटून कागदासारखी पातळ झाली होती आणि दोन ठिकाणी आरपार भोकं. वरची कड फायबरची. दोन्ही जिथे मिळतात तो सांधा बॉडीवाल्याने नेमका वरच्या दोन्ही कोपऱ्यांत आणला होता, वर पुट्टी भरून रंगवला होता. उजव्या कोपऱ्यात रबराचाही जोड होता.

इथे मूळ दुखणं सापडलं. हातथापीचं फायबर आणि लोखंड उन्हात सारखं वाढत नाहीत. फायबरचं प्रसरण लोखंडाच्या दुपटीच्या आसपास. दोन मीटर रुंदीच्या शोवर सकाळ-दुपारच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, जो मे महिन्यात गडद रंगाच्या शोवर सहज पडतो, तर दोघांच्या लांबीत जवळपास एक मिलिमीटरचा फरक येतो. रबर तो सहन करतं. पुट्टी आणि एम-सील दगडासारखे कडक. त्यांना भेग पडणारच. त्यात वरच्या फायबरची जाडी व्हर्नियरने मोजली तर एका टोकाला साडेतीन मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला साडेसहा. एकाच मापाचं रबर अशा कडेवर एकीकडे ताणून बसतं आणि दुसरीकडे सैल. उजवा कोपरा सैल बाजूचा. उस्तादांनी कडेवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि फायबरवाल्याच्या नावाने काहीतरी पुटपुटले. ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आणखी एक, रबराच्या जोडाबद्दल. रबर ओढत ओढत बसवलं की लांबी वाचते, काम भराभर होतं, आणि काही महिन्यांत रबर मूळ लांबीवर यायला बघतं. जोड उघडतो. या गाडीत तो काडेपेटीची काडी जाईल एवढा उघडलेला होता, आणि तोही कोपऱ्यात, जिथे रबर आधीच वळणामुळे ताणलेलं असतं.

दुरुस्ती

आधी सिलिकॉन. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, मग रिमूव्हर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आणि पुन्हा. कंटाळवाणं काम आहे, पण याचा एक पातळ थर जरी राहिला तरी पुढचं सगळं वाया. मजुरीचा मोठा हिस्सा यातच गेला.

खालची सडलेली कड कापून १६ गेजच्या पत्र्याची नवी पट्टी वेल्ड केली, घासली, दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. वेल्डच्या मागच्या बाजूला, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे पोकळीत मारायचं मेण फवारलं. वरचं फायबर जिथे जाड तिथे घासून, जिथे पातळ तिथे मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन चढवून सगळीकडे पाच मिलिमीटरवर आणलं. पावसाळ्यात हे काम त्रासाचं. ओली मॅट रेझिन नीट धरत नाही, पांढुरकी पडते. म्हणून मॅट हॅलोजनखाली सुकवून घेतली आणि शेडला ताडपत्रीचे पडदे लावले. पीयू सीलंटचं उलटं: ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं. छताचा सांधा आम्ही जुनी चंदेरी पट्टी काढून पीयूने भरला आणि तो तुर्भ्या-रबाळ्याच्या हवेत झकास बसला. फायबर-पत्र्याच्या सांध्यातली पुट्टी काढून तिथेही लवचीक पीयूच भरलं, म्हणजे तो एक मिलिमीटर हलायला मोकळा राहील.

रबर ईपीडीएमचं, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराचं. काचेभोवती न ताणता, उलट थोडं ढकलत बसवायचं आणि मापापेक्षा एखादा टक्का लांब कापायचं. जोड या वेळी खाली, मध्याजवळ, सरळ भागात आणला. उस्तादांचा हिशेब असा की तिथे कधी उघडलाच तर पाणी बाहेरच जाईल. रबराच्या खाचांत न सुकणारं ब्यूटाइल मॅस्टिक भरलं. वरच्या आणि बाजूंच्या कडांना दोन्ही खाचांत. खालच्या बाजूला फक्त बॉडीच्या खाचेत. खालच्या बाहेरच्या ओठाला काहीही नाही. काकांना ते पटेना. "खाली उघडं सोडताय?" तेव्हा त्यांना कापून काढलेलं जुनं रबर दाखवलं, खाचेत वाळलेल्या चिखलाच्या रेघेसकट.

बसवायची रीत जुनीच. रबराच्या आतल्या ओठात नायलॉनची दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून टेकवायची आणि आतून दोरी ओढत जायची. ओठ कडेवरून आत उलटत येतो. बरेच जण साबणाऐवजी ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावतात. ईपीडीएम खनिज तेलाने फुगतं आणि पिलपिलीत होतं, म्हणून ते चालत नाही. शेवटी चावीपट्टी. तिची सुरुवात आणि शेवट रबराच्या जोडापासून लांब ठेवायचा.

मार्कर दिवे सगळेच काढले, फक्त गळणारा नव्हे. भोकांना बुश, दिव्याखाली ब्यूटाइल टेप, स्क्रूच्या आट्यांनाही. डॅशबोर्डखालच्या जुडग्याला फ्यूज बॉक्सच्या अलीकडे मुद्दाम झोळ दिला, म्हणजे पुढेमागे पाणी आलंच तर झोळाच्या तळाशी टपकेल, बॉक्सपर्यंत चढणार नाही. रिले आणि टर्मिनलं बदलली. माळ्याचा प्लाय काढून आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय घातला, कापलेल्या कडा एपॉक्सीने बंद करून. प्लाय मरीन असला तरी पाणी पितो ते कापलेल्या कडेतूनच.

अस्तर लगेच बसवलं नाही. काका घाई करत होते, गणपतीला गावी जायचं होतं. पण आतला सांगाडा आणि खांबाचं लाकूड सुकायला पंखा लावून ठेवावा लागतो, आणि यंत्र जोवर त्या मधल्या कपाटाएवढाच आकडा दाखवत नाही तोवर अस्तर ठोकणं म्हणजे ओल आत बंद करणं. गाडी गावी गेली ती अस्तराशिवाय, वायरी दिसत असलेली.

चाचणी आणि जे राहिलं

शेडमध्ये पंखा लावून, दारं बंद करून, हिरवं पाणी त्याच कोपऱ्यावर. आत काही नाही. खालच्या ओठातून मात्र बाहेर बंपरवर हिरवे थेंब यायला लागले. मला तेच बघायचं होतं: खाचेत शिरलेलं थोडं पाणी योग्य वाटेने बाहेर पडत होतं. नंतर भर पावसात एक्सप्रेस वेवर पंख्यासकट गाडी चालवली, काकू शेजारी टिश्यू पेपर घेऊन. पेडल कोरडं.

उजव्या खांबाचा आकडा कपाटाच्या बरोबरीला आला. डाव्या खांबाचा मात्र दोन-तीन टक्के वर अडून राहिला. बाहेरचा आरसा काढून पाहिला तर त्याच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट पोकळीत उघडा जात होता, वॉशरशिवाय. तो ब्यूटाइलमध्ये बसवला आहे. आकडा उतरतो का ते कोरड्या दिवसांत कळणार नाही, त्यासाठी पुढचा पाऊस लागेल.

काचेच्या खालच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षं पाणी उभं होतं, तिथे दोन काचांमधला पदर पांढुरका झालाय, दोन बोटं रुंद. तो आता पूर्ववत होणार नाही. ड्रायव्हरच्या नजरेच्या बराच खाली आहे, म्हणून काच बदलली नाही. पांढरेपणाच्या कडेवर मार्करने बारीक खुणा करून ठेवल्यात. त्या ओलांडून तो वर सरकला तर खाच पुन्हा भरतेय असं समजायचं आणि आधी खालचा ओठ तपासायचा, कारण दरम्यान एखाद्या सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी प्रेमाने तिथे सिलिकॉन ओढलेलं असण्याची शक्यता मी तरी नाकारत नाही. काकांनी त्यावर उपाय म्हणून खालच्या रबराशेजारी आतून एक स्टिकर चिकटवलाय: "इथे काहीही लावू नये."